पेडण्याला न थांबणारी गाडी

आमचे गोकुळदास विद्वान. पेडण्याच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान, आणि पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतून त्यांना सगळी विद्या मिळालेली. त्यातही रेल्वेवर फार जीव. न्यूझीलंडमध्ये एका विमानतळाच्या धावपट्टीवरूनच रूळ गेलेत, हे ते मिरच्या तोलता तोलता सांगत. बँकॉकजवळच्या एका बाजारात गाडी आली की भाजीवाल्या छपरं मिटतात, गेली की पुन्हा उघडतात. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गिऱ्हाईक तोंड वासून ऐकायचं. लग्न होऊन आले तेव्हा माझंही तोंड वासलं होतं. दोन महिन्यांत मिटलं.

कारण हा माणूस जन्मात रेल्वेत बसलेला नव्हता. पेडण्यात रेल्वे आली त्याला वर्ष झालं, तरी रिक्षाने दहा मिनिटांवरचं स्टेशन त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मी डिचोलीच्या एका दवाखान्यात मदतनीस होते. दोन वर्षं अर्ज करून करून मुंबईला नर्सिंगच्या प्रशिक्षणाची जागा मिळाली. सोमवारी सकाळी दहाच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. पुढच्या वर्षी माझं वय अटीत बसणार नव्हतं. म्हणजे ही गाडी चुकली की जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली कापूस फाडायचा.

"हय खयची गाडी थांबता, तेवढा स्टेशनार विचारून येवा," मी आठवडाभर मागे लागले होते.

"रेल्वेचा माका शिकवतंस?" ते भडकले. "मी विचारूक जाव? लोक काय म्हणतले?"

लोक काय म्हणतील म्हणून हे मला मुंबईपर्यंत पोचवायला येणार होते. रविवारी दुपारी आम्ही फलाटावर जाऊन बसलो. मी तिकिटाचा विषय काढला, तर म्हणाले, "गाडयेत मेळता." गोव्याच्या सरकारी कदंबा बसमध्ये कंडक्टर देतो ना, तसं! मला तिथेच उठायला हवं होतं. नाही उठले, त्याचा राग मला अजून स्वतःचाच येतो. शेजारच्या बाकावर धाकू म्हणून एक रिक्षावाला बसला होता, त्याला हे लिस्बनच्या ट्राम उभ्या चढावर कशा चढतात ते सांगत राहिले.

गाडी आली. वेग कमी होईना. गोकुळदास पुढे झाले आणि वळणावर बसला दाखवतात तसा त्यांनी गाडीला हात दाखवला. वर थांब म्हणून ओरडले, "राव, राव!" डब्यामागून डबे धडाधडा निघून गेले. एका खिडकीतल्या पोराने उलट टाटा केला. धाकू हसला. मी हसले नाही.

"टायम बदललो असतलो," धोतराची धूळ झटकत गोकुळदास म्हणाले.

मी उठून तिकीटखिडकीशी गेले. आत सगुण नावाचा कुडाळचा कारकून होता. "ती गाडी हय थांबणा नाय, बाय," तो म्हणाला. "सांजची थांबता. सकाळी सहाक दादर."

एवढंच. आठवडाभर ज्यासाठी रडले, त्या उत्तराला घोटभर चहाइतकाही वेळ लागला नाही.

"एक तिकीट द्या."

"दोन," मागून आवाज आला.

"एकच," मी सगुणला सांगितलं.

मग संध्याकाळपर्यंत आम्ही बसून होतो. गाडी थांबली, मी चढले, पिशवी त्यांच्या हातातून घेतली. खिडकीखाली येऊन ते उभे राहिले. चेहरा पार उतरलेला. क्षणभर वाटलं, चला म्हणावं. पण मुंबईपर्यंत रात्रभर पुन्हा ते ज्ञान ऐकायचं, या विचारानेच अंगावर काटा आला.

"परत कधी येतलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"ता विचारूक तुमकां मुंबैक येवचा लागतला," मी म्हटलं. गाडी सुटली.