दुसऱ्या नंबरावर

हॉलंडच्या प्रोफेसरबाईंनी व्हिडिओ कॉलवर तेफोला अगदी मायेनं सांगितलं, की फेलोशिप एकच आहे, ती आम्ही एका मुलीला देऊ केली आहे, आणि तिनं नाही म्हटलं तर ती तुझीच. माणसाला सरळ नकार दिला तर तो दोन दिवस तोंड पाडून बसतो आणि तिसऱ्या दिवशी जेवतो. दुसऱ्या नंबरावर ठेवला की त्याला धड रडता येत नाही की जेवता येत नाही.

"तिला मुदत कधीपर्यंत?" तेफोनं विचारलं.

"पंधरा फेब्रुवारी. तोवर आम्ही तिच्या मागे लागू शकत नाही. तुला तर माहीत आहेच."

माहीत होतंच. खगोलशास्त्रातल्या पोरांना या तारखेपर्यंत उत्तरासाठी कुणी पिडायचं नाही, असा दंडक बहुतेक सगळे पाळतात. ज्याच्या हातात दोन नोकऱ्या आहेत त्याच्यासाठी तो फार उदार आहे. ज्याच्या हातात एकही नाही त्यानं या उदारपणाचं काय करायचं, ते मात्र कुठं लिहिलेलं नाही.

बाईंना वाटलं असावं की पोराला थोडा दिलासा द्यावा. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "तू ओळखतही असशील तिला. तुमच्याच कारूच्या वाळवंटातल्या दुर्बिणीवर काम करते."

पुढचं सगळं या एका वाक्यानं केलं.

तेफो मोसिन्यी मूळ फ्रान्सिसटाउनचा, बोट्स्वानातला. केपटाउनला येऊन आकाशगंगांमधल्या वायूवर पीएच.डी. केली, प्रबंध डिसेंबरात देऊन टाकला. देशात राहायचा परवाना मार्चअखेर संपणार होता. आई दर रविवारी फोन करून विचारायची, "झालं का रे तुझं ते?" आणि 'ते' म्हणजे काय हे तिला माहीत नसल्यामुळे तेफो दर रविवारी सांगायचा, "होत आलंय, म्मा."

आता कारूच्या दुर्बिणीवर काम करणारी, यंदाच पीएच.डी. संपवणारी मुलगी म्हणजे कोण? तेफोला फार डोकं चालवावं लागलं नाही. ती त्याच्या डाव्या हाताला बसायची. लिंडेल्वा. चार वर्षं एकाच खोलीत, एकाच खिडकीच्या वाऱ्यात, एकमेकांचे चार्जर पळवत दोघांनी काढली होती. आणि नाताळाच्या सुट्टीत, सगळं केपटाउन समुद्रात डुंबत असताना, तेफोनं तिला दुकानात गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट घालून आरशापुढं उभी असलेली स्वतः पाहिली होती. उन्हाळ्यात कोट कोण घेतं? ज्याला थंड देशात जायचं आहे तोच. हिशेब जुळला.

विचारायचं मात्र नाही. अकराच्या चहाला सगळा विभाग खाली जमायचा, रस्क बुडवून बुडवून खायचा आणि वारा, रग्बी, वीजकपात, प्रोफेसर हेंड्रिक्सबाईंचा गुडघा यांवर बोलायचा. नोकरीचं नाव निघायचं नाही. सगळ्यांनी त्याच वीस-पंचवीस जागांना अर्ज केलेले. समोरच्याला मिळाली म्हणजे आपली गेली, हे तोंडातल्या रस्कसकट प्रत्येकाला कळत होतं.

तेव्हा तेफोनं दुसरा रस्ता धरला. शहराच्या पलीकडच्या संस्थेत तीन वर्षांची एक जागा निघाली होती. तिथली त्याची ऑनलाइन मुलाखत होऊन गेली होती, आणि मध्येच वीज गेल्यामुळे तो काळ्या पडद्याशी बराच वेळ तावातावानं बोलत राहिला होता. ती जागा त्यानं बुडीत खात्यात टाकली होती. लिंडेल्वाची मुलाखत अजून व्हायची होती, हे त्याला तिच्या पडद्यावरच्या कॅलेंडरात दिसलं होतं. तिला ती जागा मिळाली, तर ती घरच्या गावी राहील, कोट कपाटात जाईल आणि हॉलंड मोकळं होईल.

"लिंडी, तुझं भाषण ऐकू का एकदा?"

लिंडेल्वानं वळून बघितलं. "बरं नाहीये का तुला?"

"मुलाखत आहे ना गुरुवारी. म्हटलं, मदत करावी."

"चार वर्षांत माझी एक स्लाइड बघितली नाहीस तू. मागच्या वर्षी माझ्या सेमिनारला तू झोपला होतास. घोरत होतास, भुती." तिच्या भाषेत भुती म्हणजे भाऊ.

"म्हणून तर. भरपाई."

त्यानं तिचं भाषण तीनदा ऐकलं. चौथी स्लाइड काढून टाकायला लावली, आलेख मोठे करायला लावले. आणि मग, जे कुणी कुणाला सांगत नाही ते सांगितलं: त्या समितीनं त्याला काय काय विचारलं होतं. "तो टकल्या म्हणतो, या कामाचा देशाला काय उपयोग? गडबडू नकोस. शाळेतल्या पोरांचं काहीतरी सांग. आणि ती चष्मेवाली विचारेल, दुर्बीण बंद पडली तर काय करशील. मी म्हणालो, वाट बघेन. ते आवडलं नाही तिला."

लिंडेल्वा लिहून घेता घेता थांबली. "तेफो, हे तू मला का सांगतोयस?"

"मैत्रीण आहेस म्हणून."

तिनं पेन खाली ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "या महिन्यात मला कुणी नीट जेवलीस का म्हणूनसुद्धा विचारलेलं नाही रे."

तेफोला आत कुठंतरी बोचलं, पण त्यानं ते खर्चात धरलं नाही. उलट संधी साधून हॉलंडची निंदा सुरू केली. तिकडं म्हणे ऊन बघायला मिळत नाही. सकाळी पाव-चीज, दुपारी पाव-चीज. मक्याचा पॅप नाही, मोरोहोची पालेभाजी नाही, शेजारी बोलत नाहीत. लिंडेल्वा "हं" म्हणाली. त्या 'हं'वर तेफो दोन दिवस जगला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी हॉलंडहून मेल आली. आमच्या पहिल्या उमेदवारानं जागा स्वीकारली आहे, तुला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. तेफोनं ती दोनदा वाचली. डाव्या हाताला लिंडेल्वा गुणगुणत होती.

"अभिनंदन," तो म्हणाला. आवाज जमेल तितका सरळ ठेवला. "कोट उपयोगी पडेल."

"कुठला कोट?"

"हॉलंडला."

"हॉलंडला कोण चाललंय? मी तिथं अर्जच केला नाही."

"मग कोट कशाला घेतलास?"

"चिलीला. डोंगरावरची दुर्बीण आहे, रात्री हाडं गोठतात म्हणे. ती ऑफर नाताळाआधीच आलीय." मग तिचा चेहरा उजळला. "आणि काल, ऐक, पलीकडच्या संस्थेनंही मलाच पहिली निवडलीय! त्या टकल्यानं अगदी तोच प्रश्न विचारला. मी शाळेतल्या पोरांचं सांगितलं. तेफो, ही जागा तुझ्यामुळं मिळालीय मला."

हॉलंडची ती मुलगी अर्जेंटिनातली निघाली. तिनं कारू कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. दुर्बिणीची माहिती जगभर जाते आणि जगभरचे लोक तिच्यावर काम करतात, हे तेफोनं स्वतःच्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. पण दुर्बीण आपली म्हणजे माणसंही आपलीच, असं तो धरून चालला.

दुपारी पलीकडच्या संस्थेची मेल आली. मध्येच वीज गेली तरी तुमचं काम आम्हाला फार आवडलं. तुम्ही दुसऱ्या नंबरावर आहात. पहिल्या उमेदवाराच्या उत्तराची वाट बघतो आहोत.

या वेळी पहिला उमेदवार कोण, ते शोधावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तो तिला जिन्यात गाठून म्हणाला, "चिली म्हणजे बाकी मजा आहे हं. आकाश काय ते तिकडंच. माणूस एकदा बाहेर पडला पाहिजे. घरात राहून कुणाचं भलं झालंय?"

"मागच्या आठवड्यात तू म्हणालास, घर सोडून गेलेला माणूस पाव-चीज खाऊन मरतो."

"ते हॉलंडचं."

"चिलीत पॅप मिळतो?"

लिंडेल्वा दोन पायऱ्या खाली उतरली, मग वळली. शास्त्रज्ञ होती ती. चुकीचं माप तिला चटकन दिसायचं.

"तू दुसरा आहेस," ती म्हणाली. "पलीकडं. माझ्या मागं."

"हो."

"आणि हॉलंडलाही दुसरा होतास. तुला वाटलं, मीच पहिली. म्हणून ते भाषण, ते प्रश्न."

"हो."

ती हसली. हसू अर्ध्यावरच थांबलं. "मी आईला फोन करून सांगितलं होतं, आई, इथं निदान एका माणसाला तरी माझं बरं व्हावंसं वाटतं."

बाहेर वाऱ्यानं कचऱ्याचा डबा गडगडत नेला.

"मी इथली जागा घेतेय," ती म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून नाही. आईला डायलिसिसला न्यावं लागतं, आठवड्याला तीनदा. मी चिलीला कधीच जाणार नव्हते. फक्त एकदा कुणीतरी मला परदेशात बोलावलंय, हे चार दिवस हातात धरून बघायचं होतं."

तेफोनं मान हलवली. म्हणजे संपलं. दोन जागा, दोन्हीकडे दुसरा, दोन्ही गेल्या. त्याच्या मार्गदर्शक हेंड्रिक्सबाई म्हणाल्या होत्या, प्रकल्पाच्या पैशातून ओढूनताणून ऑगस्टपर्यंत ठेवते तुला, परवान्याचं पत्रही देते. वर्षाअखेरीला पुन्हा अर्ज, पुन्हा शिफारशी, पुन्हा ही सगळी वीस-पंचवीस दारं. रविवारी म्माला पुन्हा "होत आलंय" सांगायचं.

लिंडेल्वा खोलीत जाऊन खुर्चीत बसली. तो दारात थांबला.

"चिलीला कळवलंस?"

"पंधरापर्यंत वेळ आहे ना."

"आज कळव."

"तुला काय त्याचं? चिलीच्या यादीत तू आहेस कुठं?"

"नाही. पण कुणीतरी आहे." तेफो आत आला, आपल्या खुर्चीत बसला. "कुणीतरी असेल जिला तिथल्या बाईनं मायेनं सांगितलंय, पहिलीनं नाही म्हटलं तर तुझीच. आत्ता ती बसून अंदाज बांधत असेल, पहिली कोण, तिनं कोट घेतला का. भलत्याच मुलीच्या मागं लागली असेल. लिंडी, ते दिवस फार वाईट असतात. माणूस त्यांत चांगला राहत नाही."

लिंडेल्वानं लॅपटॉप उघडला, मेल लिहायला घेतली. आभार मानायला तिला वेळ लागला. दोन वेळा लिहून दोन वेळा खोडलं. मग तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. तेफोनं वाचून एक शब्द सुचवला. तिनं तो बदलला, आणि बटण दाबलं.

"झालं," ती म्हणाली. डोळे पुसले. "कोण असेल रे ती?"

"काय माहीत," तेफो म्हणाला. "पण आज जेवेल."