आत्यांचं घरबसल्या मत

मी कुणाचं वाईट चिंतणारी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. कामाला मात्र कंटाळते, आणि हा कंटाळा माणसाकडून काय काय करून घेतो ते मला या निवडणुकीत कळलं.

नांदे गावात आमच्या घरामागच्या इमारतीत सोळा खोल्या आहेत. सगळ्या हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पोरापोरींना भाड्याने दिलेल्या. नवरा, कैलास, सकाळी दुकान गाठतो. पाण्याच्या टँकरपासून गळक्या नळापर्यंत सगळं माझ्या गळ्यात. वर सासूबाई. सारजाबाई, वय सत्त्याऐंशी. मी त्यांना आत्या म्हणते.

आत्यांना मतदानाचं भारी वेड. लग्न होऊन गावात आल्यापासून एकही निवडणूक चुकवलेली नाही, आणि मत कुणाला दिलं ते मामंजींनाही कधी सांगितलं नाही. मतदानाची शाळा दहा मिनिटांवर, पण त्यांच्या पावलांनी पाऊण तास. गावात टॉवर उठल्यापासून त्यांच्या जुन्या मैत्रिणी कुणी सातव्या मजल्यावर, कुणी लेकाच्या बंगल्यात अडकलेल्या. सगळ्या भेटतात त्या मतदानाच्या रांगेतच. मागच्या खेपेला आत्यांना रांगेत लघवीला लागली, शाळेच्या संडासाला कुलूप, आणि पुढचं मला चारचौघांत निस्तरावं लागलं. त्यांची दया यायच्या आधी मला लाज वाटली, हे खरं आहे.

म्हणून गौतमीताई अर्ज घेऊन आल्या तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. या आमच्या अंगणवाडीच्या बाई, मतदार यादीचं कामही त्याच बघतात. म्हणाल्या, "पंच्याऐंशीच्या वरच्यांचं मत आता घरी येऊन घेतात. पण एकदा अर्ज दिला की मग शाळेत मत देता येत न्हाई, वैनी. आजींना नीट इचारा."

"इचारते की," मी म्हणाले.

विचारलं नाही. आत्यांना सही करता येते, पण सही करण्याआधी त्या सगळा कागद वाचून घेतात. तेव्हा गॅसचं काम आहे असं सांगून मी त्यांचा अंगठा घेतला. माझ्यावर विश्वास टाकून त्यांनी हात पुढे केला.

मत घेणारी मंडळी पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही सूसला नणंदेकडे बारशाला. फाटकावर दुसऱ्या खेपेच्या तारखेचा कागद चिकटवून गेले. त्या दिवशी मी घरीच थांबले होते. तेवढ्यात मागच्या इमारतीतली नुकतीच रिकामी झालेली खोली बघायला एक जोडपं आलं. आत्या चालत रस्त्यावर जातात आणि तिथे डंपर धावतात, म्हणून मी फाटकाला बाहेरून कुलूप लावलं. पाच मिनिटांचं काम, पण त्या जोडप्याला पार्किंग पसंत पडेना. चाळीस मिनिटं गेली. मोबाईल स्कूटीच्या डिकीत.

परत आले तर शेजारची आशालता म्हणाली, "दोन साहेब, एक पोलीस आन् एक शूटिंगवाला आला व्हता. कुलपाचं शूटिंग केलं आन् गेले." आत्या आत डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येतं. फाटकावरच्या कागदातल्या नंबरावर मी फोन लावला. साहेब सौम्यपणे म्हणाले, "दोन फेऱ्या झाल्या, मॅडम. आता काही करता येणार नाही."

आठ दिवस मी कुणालाच सांगितलं नाही, कैलासलाही नाही. एका मताने काय होतंय, असं स्वतःला बजावत राहिले. मतदान असेल त्या दिवशी आत्यांना ऊन सोसणार नाही म्हणून घरीच थांबवू, असंही ठरवलं होतं.

मतदानाच्या दिवशी सहा वाजता बघते तर आत्या आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेल्या. मला तोंड उघडवेना. घरी मत देणाऱ्यांच्या नावापुढे यादीत खूण करतात, ती कदाचित करायची राहिली असेल, या वेड्या आशेवर मी त्यांना घेऊन निघाले.

खूण राहिली नव्हती. यादीवर बोट ठेवून अधिकारी म्हणाले, "आजी, तुमचं नाव घरी मत देणाऱ्यांत नोंदवलंय. इथे नाही देता येणार."

"माझ्या घरी कोन आलंच न्हाई," आत्या म्हणाल्या.

टेबलामागे बसलेला एका उमेदवाराचा एजंट कुशाबा ताडकन उठला. "म्हातारीचं मत कुनी मारलं? आमी हितं काय झोपा काडतोय?" रांगेतली माणसं वळून बघायला लागली. अधिकारी सांगत होते की घरी मत देण्याचा अर्ज आलेला आहे, घरच्यांना विचारा.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या अंगठ्याकडे. आता सगळ्या गावासमोर माझी शोभा होणार, असं मला वाटलं.

"कुशाबा, गप बस," त्या म्हणाल्या. "मीच अंगठा दिला व्हता. इसरले."

रांगेतली त्यांची एक मैत्रीण हसून म्हणाली, "सारजे, तुजं डोकं लई म्हातारं झालं गं." आत्याही हसल्या. सोळा खोल्यांतलं कोणतं पोर कुठल्या गावचं, हे त्यांना तोंडपाठ आहे.

"तू तरी देऊन ये," त्या मला म्हणाल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. मी मत दिलं. बटण दाबताना माझ्या डोळ्यांसमोर एकही चिन्ह धड दिसत नव्हतं.

परतताना मी शाईचा हात पदराखाली धरला होता. आत्या चालता चालताच म्हणाल्या, "मला आनायचा तरास व्हतो, असं तोंडानं सांगायचंस की. मी घरात मत दिलं असतं."

"आत्या, चुकलं माझं."

"न्हाई म्हनले नसते गं मी."

ते मला ठाऊक होतं. पण विचारायचं तर मला तुमचा कंटाळा आलाय, हे कबूल करावं लागलं असतं. ते त्यांना कळू नये म्हणून मी त्यांचं मत घालवलं, आणि आता त्यांना तेही कळलं होतं. आमचं घर अजून बरंच लांब होतं, आणि दम लागला तरी त्या माझ्या हाताचा आधार घेत नव्हत्या.