मागच्या गल्लीत लावलेली गाडी

मित्रांनो, शिकवणीची जुनी गाडी तुम्ही कधी आतून पाहिली आहे का? मी तशीच एक आहे. वय वर्षे चौदा. इतर गाड्यांत ब्रेक आणि क्लच फक्त चालवणाऱ्याच्या पायाशी असतात. माझ्यात ते शेजारच्या सीटच्या पायाशीही आहेत.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. एका बाईंनी मला घेतले, मिस्त्रीकडून ही जादा पेडल बसवून घेतली, दारावर 'बाईंकडे गाडी शिका' अशी निळी अक्षरे चिकटवली आणि आमची शाळा सुरू झाली. बाईंच्या हाताखाली नाना तऱ्हेची माणसे शिकली. कुणी विहिरीतून बादली शेंदावी तसा माझा गिअर ओढत. कुणी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबत, आणि भिंत वीतभर अंतरावर असताना बाई आपल्या पायाने मला थांबवत. त्या कधी ओरडल्या नाहीत. शिकून गेलेली माणसे पुढे रस्त्यात भेटली की मला पाहून हॉर्न वाजवत. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

मग बाईंनी शाळेसाठी नवी गाडी घेतली आणि मला आपल्या लेकीकडे धाडले. लेक दुसऱ्या गावी विद्यापीठात वास्तुरचना शिकायला लागली होती. तिला पुठ्ठ्याच्या छोट्या इमारती बनवून न्याव्या लागत, आणि दोन बस बदलेपर्यंत त्यांचा पार चुरा होई. माझी किल्ली मिळाल्यावर तिने पहिले काम काय केले, तर दारावरची अक्षरे गरम पाण्याने खरवडून काढली. पण इतकी वर्षे बाकीच्या दाराने ऊन खाल्ले होते आणि अक्षरांखालचा रंग तेवढा कोरा राहिला होता. जवळ गेले की 'शिका' स्पष्ट वाचता येई.

विद्यापीठात गाडी लावायला तीन जागा होत्या. विभागाच्या पायऱ्यांसमोर मोठे पार्किंग होते. वाचनालयाजवळ झाडांची सावली होती, पण तिथे पाखरे शिटून माझा टप रंगवून काढत. तिसरी जागा म्हणजे कार्यशाळेच्या मागची गल्ली, जिथे मोडकी बाकडी आणि लाकडाचा भुसा पडलेला असे. लेकीने दोन दिवस तिन्हीकडे फेऱ्या मारल्या आणि गल्ली निवडली. मैत्रिणीला फोनवर सांगितले, की पुढे जागाच मिळत नाही. पुढचे पार्किंग निम्मे रिकामे होते. मी स्वतः पाहिले होते. पण मला राग आला नाही. शिकवणीच्या गाडीतून चारचौघांत उतरायची त्या पोरीला लाज वाटत होती, एवढेच.

त्या लाजेपायी तिला रोज दहा मिनिटे चालावे लागे. पहिल्या परीक्षणाच्या दिवशी भलता वारा सुटला होता. आठ दिवस जागून केलेला पुठ्ठ्याचा लहान दवाखाना तिने डिकीतून काढला, चार पावले टाकली, आणि त्याचे छप्परच उडाले. भिंतीला आपटून त्याचे दोन तुकडे झाले. हातात बिनछपराचा दवाखाना घेऊन ती गल्लीत नुसती उभी राहिली. पाऊण तासाने परीक्षक येणार होते.

कार्यशाळेतले सुतारकाका मागच्या दारात फळीवर रंधा मारत होते. त्यांनी तुकडे उचलून आणले, लाकडाची बारीक पट्टी कापली, आतून आधार दिला, गोंद लावून चिमट्यांत धरले. मग दवाखान्याला फळीचा आडोसा धरत स्वतः तिच्याबरोबर विभागापर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी ती आभार मानायला आली. तिचे परीक्षण चांगले झाले होते. काकांनी माझ्या काचेतून आत वाकून पाहिले.

"यात दोन ब्रेक आहेत ना गं?"

"आईची जुनी गाडी आहे. शिकवणीची," ती खाली बघत म्हणाली.

"मग मला शिकवशील?"

काका चोपन्न वर्षांचे होते. काकूंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, त्यांना आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्यायचे, आणि दर वेळी शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचे. काका एका शिकवणीला जाऊन आले होते. तिथला मास्तर प्रत्येक वळणावर ओरडे आणि स्वतःच ब्रेक दाबे. परीक्षेत काका दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा गाडी मागे घेऊन लावताना. लाकडात आपली सूतभर चूक होत नाही, ते म्हणाले, पण आरशात बघून मागे यायचे म्हटले की धीर सुटतो.

उद्या सांगते, म्हणून लेक माझ्यात येऊन बसली. गल्ली अरुंद होती. शिकवायचे तर आखलेल्या रेघा हव्यात, आणि त्या होत्या पायऱ्यांसमोर, सगळ्या विभागाच्या डोळ्यांदेखत. तिने आईला फोन लावला आणि मला कुठे लपवून ठेवले होते तेही सांगून टाकले. बाई रागावल्या नाहीत. आधी त्यांनी माझा क्लच कसा आहे ते विचारले. मग म्हणाल्या, "पाय ब्रेकवर असू दे, पण दाबू नकोस. तू दाबलास तर गाडी थांबेल, पण त्यांना वाटेल, आपल्याला थांबवता येत नाही."

दुसऱ्या दिवशी चार वाजता लेकीने मला थेट पायऱ्यांसमोर आणले आणि पुढे-मागे शिकाऊची लाल पाटी लावली. पायऱ्यांवर हशा पिकला. आमचा नंबर कधी, असे एका मुलाने ओरडून विचारले. "काकांचं झालं की तुझाच," ती म्हणाली आणि शांतपणे दार लावून घेतले. तिच्या आवाजात मला बाई ऐकू आल्या.

तीन आठवडे आम्ही रोज रेघांमध्ये मागे-पुढे केले. चौथ्या आठवड्यात तिने काकांना खरी जागा दाखवली. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला विभागप्रमुखांची कोरी गाडी. काकांनी मागचा गिअर टाकला. मी हळूहळू मागे निघाले. आरशात खांब मोठा होत गेला. लेकीच्या बुटाचा तळ माझ्या जादा ब्रेकला टेकलेला मला जाणवत होता, पण त्यावर वजन आले नाही. एकदाही नाही. काकांनी आपल्याच पायाने मला थांबवले.

ते उतरले, खिशातून टेप काढला आणि मोजले.

"डावीकडे चौदा इंच, उजवीकडे साडेतेरा," ते म्हणाले. "पुन्हा लावतो."

लेक पोट धरून हसली. पुढच्या महिन्यात काका परीक्षा पास झाले, तेही माझ्यातच बसून. आता काकूंना तेच नेतात, लेक त्यांना माझी किल्ली देते.

मी आता पायऱ्यांसमोरच असते. तो ओरडणारा मुलगा सध्या शिकतो आहे. गिअर जरा हळू ओढ, असे त्याला रोज सांगावे लागते. माझा क्लच झिजला होता, लेकीने तो बदलून घेतला. रविवारी ती हवा आणि तेल तपासते.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी गाडी, सायकल, शिलाईचे यंत्र असेल. त्याला तेल द्या, फडके फिरवा. आणि ते कुठे ठेवायचे हे ठरवताना लोक काय म्हणतील, याचा विचार करू नका. त्याला अजून काय येते, ते बघा. मला विचाराल, तर अजून पुष्कळ येते.