प्रभावित क्षेत्र

अभिमन लिपिकाने अर्ज टेबलावरून परत सरकवला आणि सहाव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, हे काय लिहिलंत? रसायनशास्त्र, संगणक, भौतिकशास्त्र. कोणत्या तालुक्यात येतात ही गावं?"

सुमन चौधरीने रकाना पुन्हा वाचला. ‘संशोधनामुळे प्रभावित क्षेत्र (हेक्टर-आर)’. गारपिटीच्या अर्जाची स्टेन्सिल वाया जाऊ नये म्हणून अभिमनने ‘गारपिटीमुळे’ एवढाच शब्द बदलला होता. खाली ‘पिकाचे नाव’ही तसंच होतं.

"विषय आहेत ते, अभिमन. माझं गणित तिकडे वापरतात. जपानातून, पोलंडमधून पत्रं आलीत."

"येऊ द्या ना. पण आर किती?"

संस्थेचे अध्यक्ष मोतीलाल नाना पलीकडे बशीत चहा ओतत होते. देवपूरच्या या कॉलेजातला गणित विभाग मोडून वाणिज्य शाखेत मिसळायचा, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. विभाग टिकवण्यासाठीचा हा अर्ज अपुरा राहिला की झालं.

"बाई, अठरा वर्षांत तुमचे निबंध सहा. वनस्पतीवाल्या सरांचे चाळीस."

"त्यांची झाडं दर पावसाळ्यात उगवतात, नाना. माझं एकेक उगवायला तीन वर्षं लागतात."

"म्हणूनच म्हणतो, नफा-तोटा शिकवा. लगेच उगवतो."

सुमनने पेनाचं टोपण काढलं. तीन विषय खोडले नाहीत. त्यांच्यापुढे ठसठशीत लिहिलं : ‘प्रत्यक्ष येऊन मोजून घ्यावे.’ तारीख घातली, ११ मार्च १९८९. पिकाच्या रकान्यात ‘बारमाही’ लिहिलं, सही ठोकली आणि मगच उठली.

अर्ज वरच्या कचेरीत गेला. तिथं तो कुणीच वाचला नाही, म्हणून त्याच्यावर ताबडतोब कारवाई झाली. नवव्या दिवशी गणिताच्या वर्गात तलाठी हजर. धनसिंग आबा, नुकतेच पिंपळनेरहून बदलून आलेले. काखेत दप्तर, खांद्यावर मोजणीची साखळी.

"प्रभावित क्षेत्र कोठे शे, ताई?"

सुमनने फळ्याकडे हात केला. एक आडवी सरळ रेघ आणि तिच्याभोवती घोटाळत जाणारी वाकडी रेघ. अशी आठ चित्रं होती.

"आडवी म्हणजे रस्ता. वाकडी म्हणजे नदी, आपली पांझराच समजा. खालून येते, रस्ता पाच वेळा ओलांडते, वर निघून जाते. स्वतःला कुठेही छेदायचं नाही. तर अशी किती तऱ्हांनी जाईल? एवढाच माझा धंदा. जपानातला एक जण हे वापरतो."

"मंग जपानवाला यानं काय करस?"

"लांबलचक रेणू कसे दुमडतात, ते मोजतो."

आबा हसले नाहीत. नदीने खाल्लेली शेतं मोजण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यांनी आठही नद्या बोटाने चालून पाहिल्या. मग साखळी उतरवून बाकावर ठेवली.

"आठच? नदी काय तुमनं ऐकस? नववी ऱ्हाईच."

सुमन काही बोलणार, तोवर त्यांनी खडू उचलला होता.

पहिली काढली, ती तिसरीच निघाली. सदऱ्याच्या बाहीने पुसली. दुसरी काढली, ती सहावी निघाली. बाही पांढरी झाली.

दुपारी नाना कुलूप घेऊन आले. खोली वाणिज्यवाल्यांना आजच द्यायची होती.

"झालं का हो आबा? शून्य लिहा नि मोकळे व्हा."

"पंचनामा चालू शे," पाठ न वळवता आबा म्हणाले. "तो पुरा व्हस तवलोंग आठे खोलीले कोनी हात लावाना नही."

"अहो, पण पुरा कधी होणार?"

"नववी सापडनी का मंग व्हई."

नाना सुमनकडे वळले. "बाई, आहे का हो नववी? तुम्हाला ठाऊक असेलच."

नववी नाही, हे सुमनने आपल्या पहिल्याच निबंधाच्या दुसऱ्या पानावर सिद्ध केलं होतं. सिद्ध झालेली गोष्ट कुणी विचारली आणि तिने सांगितली नाही, असं आजवर एकदाही घडलं नव्हतं.

तिने खडूचा नवा डबा फोडला आणि आबांच्या हाताशी ठेवला.

"शोधताहेत ना ते," ती म्हणाली.