आबांसोबत गेलेला अर्धा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खरं सांगायचं तर आता अर्धाच.

शहाद्याच्या जसोदाबाईंनी पांढऱ्या मांजरपाटाचे दोन पट्टे मधोमध जोडून मला शिवलं आणि चारी कडांना काळी किनार लावली. त्यांचे यजमान हिंमतराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, तरुणपणी यात्रेतल्या तंबूच्या टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवत. तंबू उठला, तरी त्यांचा नाद सुटला नाही. दर उन्हाळ्यात ते गच्चीवर मला ताणून बांधत आणि गल्लीतल्या मुलांना सिनेमा दाखवत. खलनायक दिसला की मुलं माझ्यावर खडे मारत. "पडदाले नका मारा रे, त्यानी काय करं?" असं आबा ओरडत.

जसोदाबाई गेल्या आणि मी लोखंडी पेटीत घडी होऊन पडलो. मागच्या दिवाळीत मात्र आबांचा आवाज ऐकू आला. ते नातीला, काजलला सांगत होते, "तू दहावी पास व्हय, मंग आपन घरमाच सिनेमानी पार्टी करसूत."

फाल्गुनात एका सकाळी आबा अचानक गेले. आमच्याकडे पुष्कळ म्हातारी माणसं आपलं शेवटचं कापड, कफन, आधीच पेटीत ठेवतात. शेजारच्या भिकनने पेटी उघडली. वर मीच होतो.

"आबानी सोतासाठे ठेयेल शे हाई," तो म्हणाला. मी फार मोठा होतो, म्हणून त्याने मला शिवणीवर फाडलं आणि एक पट्टा आबांवर पांघरला.

दुपारी आबांची मुलगी मोहिनी नाशिकहून एसटीने आली. तिने वडिलांच्या पायांशी काळी किनार पाहिली. लहानपणी दर उन्हाळ्यात पडदा बांधताना तिने ते टोक धरलं होतं. पण माणसं खोळंबली होती. ती काही बोलली नाही. नंतर उरलेल्या मला तिने घडी घालून पेटीत ठेवलं आणि पेटीला कुलूप लावलं.

मे महिन्यात काजल पास झाली. पार्टीचं नावही तिने काढलं नाही. पण सुट्टीत आलेल्या मोहिनीला तिच्या कपाटात हाताने बनवलेली पुठ्ठ्याची तिकिटं सापडली. प्रत्येकावर लिहिलं होतं : मशीनवर आबा.

मोहिनीने पार्टी ठरवली. आबांच्या भावजय दगूकाकू भडकल्या. "वरीस बी नई सरनं, नि घरमा सिनेमा? लोके काय म्हनतीन?"

"काकू, आबानी सबद देयेल शे पोरले."

संध्याकाळी आठ मैत्रिणी गच्चीवर आल्या. कुणी जसोदाबाईंची साडी नेसून नायिका झाली होती. काजलने काजळाच्या मिशा काढल्या होत्या; ती जिन्यात तिकिटं फाडत होती. मक्याच्या लाह्या कागदी पुड्यांत भरून ठेवल्या होत्या. भिकन दोऱ्या बांधायला आला. मोहिनीने पेटी उघडून मला काजलच्या हातात दिलं.

"आत्या, हाऊ पडदा आर्धाच कसा शे?"

मोहिनीने चार वाक्यांत सगळं सांगितलं. भिकनने हातातली दोरी खाली ठेवली. "बाई, माले मालूम नई व्हतं वं."

"भाऊ, तुले मालूम नई व्हतं. मी तं दखं व्हतं. तरी बोलनू नई."

तेवढ्यात जिन्यातून दगूकाकूंचा आवाज आला. येणार नाही म्हणून खाली बसलेल्या काकू सगळं ऐकून पदराने डोळे पुसत वर येत होत्या. "जनमभर लोकेसले सिनेमा दखाडा, नि जाताना पडदा बी लई गया! असा कसा मानूस!"

मोहिनी हसली. मग फाल्गुनापासून पहिल्यांदा रडली. काजलने तिला मिठी मारली. अर्धी मिशी आत्याच्या खांद्यावर उतरली.

भिकनने मला भिंतीला लागून बांधलं. सिनेमा सुरू झाला. अर्धं चित्र माझ्यावर पडलं, अर्धं रंग उडालेल्या भिंतीवर. नायिका माझ्याकडून चालत जायची आणि शिवण होती तिथे पोहोचली की भिंतीवर फिकी दिसायची. मुली लाह्या खात बघत राहिल्या. मशीनजवळची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती.

मित्रांनो, मला जोड लावू नका. मी आहे तसा बरा आहे. एवढंच करा : घरातल्या म्हाताऱ्या माणसांची पेटी त्यांच्याच हातांनी उघडवून घ्या. त्यातलं काय कशासाठी ठेवलंय, ते शेजारी बसून विचारा. आम्हाला बोलता येत नाही. आणि आम्हाला ओळखणारं माणूस कधी कधी दुपारच्या एसटीने येतं.