रुळाखालची मोरी

विठ्ठलवाडी स्टेशनच्या पुढे मालगाडीचं एक सायडिंग सत्तावीस वर्षं बंद पडून होतं. एका कापड गिरणीसाठी टाकलेला हा दोन किलोमीटरचा फाटा. गिरणी बंद झाली आणि गाडीही थांबली. रुळांमध्ये बाभळी उगवल्या, खडी मातीखाली गेली. आता गिरणीच्या जागेवर सिमेंटचा डेपो होणार होता, म्हणून सायडिंग नव्याने बांधून सुरू करायचं ठरलं. त्याचा सर्व्हे आणि नकाशे करायचं काम ठाण्याच्या एका छोट्या कंपनीला मिळालं. दर्शना साळवे तिथे इंजिनिअर होती.

हे काम आल्याचं तिने घरी आईला सांगितलं नाही. घोडबंदर रोडच्या एकविसाव्या मजल्यावरच्या घरात विठ्ठलवाडीचा विषय निघाला की आई तासभर बोलत बसे, आणि दर्शना उठून आत जाई. सायडिंगला लागून असलेल्या वस्तीतच तिचा जन्म झाला होता. वडील, शिवराम साळवे, याच रुळांची देखभाल करणारे गँगमन होते. ती चौदा वर्षांची असताना ते सगळे ठाण्यातल्या वर्तकनगरला गेले. पुढे कॉलेजात कोणी ‘कुठली तू?’ असं विचारलं की ती वर्तकनगर सांगायची. तेव्हा ते खोटं नव्हतं. हळूहळू मात्र ते जपावं लागायला लागलं.

सर्व्हे ऑगस्टमध्ये झाला. कामाच्या प्रमुख उत्तरा मॅडम, बरोबरीचा अद्वय आणि दर्शना असे तिघं गेलेले. यंत्र मांडल्यावर वस्तीतली माणसं बघायला जमली. घरांवरचे निळे झेंडे बघून अद्वयने सहज विचारलं, “कुठली वस्ती ही? तुला माहितीये का हा एरिया?”

“नाही रे. पहिल्यांदाच येतेय.”

हे बोलून ती वळली, तर समोर कांतामावशी उभी. शेजारच्या खोलीतली. आई धुणीभांडी करायला जायची तेव्हा दर्शना हिच्याच घरी जेवायची.

“अगं, दर्शू ना तू? शिवरामभाऊंची?”

दर्शनाच्या तोंडून निघून गेलं, “कोण?”

कांतामावशीने तिच्याकडे पाहिलं. मग अद्वयकडे, मग मॅडमकडे. तिला काय कळायचं ते कळलं. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, “चुकलं हं मॅडम. आमच्या इथली एक पोरगी होती, तशाच दिसता तुम्ही. चहा आणू का?”

“नको,” दर्शना म्हणाली.

‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’ तिच्या कानात वाजत राहिले. तोंडाला आलेला घाम तिने ओढणीने पुसला.

अर्ध्या तासाने ते मोरीपाशी पोचले. भरावाखालून जाणारी जुनी दगडी कमान. पावसाचं पाणी गुडघाभर साचलेलं. जुन्या नकाशात तिथे फक्त ‘नाला’ असं लिहिलं होतं. वर्षाचे आठ-नऊ महिने मोरी कोरडी असे आणि अख्खी वस्ती तिच्यातून पलीकडे जाई. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं पलीकडेच. दर्शना आठ वर्षं त्याच कमानीखालून शाळेत गेलेली.

उत्तरा मॅडमनी विचारलं, “लोकांची ये-जा असेल का इथून?”

कांतामावशी थोडी मागे उभी होती. तिने दर्शनाकडे पाहिलं. ही सांगेलच, असं तिच्या डोळ्यांत होतं.

“पाणीच आहे ना, मॅडम,” दर्शना म्हणाली. “वाटत नाही.”

मॅडमनी वहीत नोंद केली. पुढे नकाशात मोरीच्या जागी सिमेंटचे दोन पाइप आले आणि दोन्ही बाजूंना उंच भिंत. नकाशा दर्शनानेच काढला. पाइप दाखवताना तिचा हात दोनदा थांबला. बोलायचं तर ‘तुला कसं माहीत?’ याचं उत्तर द्यावं लागलं असतं. तिने फाइल पाठवून दिली.

जानेवारीत नवीन रूळ टाकून झाले. इंजिन चालवून बघायच्या दिवशी दर्शना एकटीच साइटवर आली. इंजिन हळूहळू गिरणीपर्यंत गेलं, परत आलं, साहेब लोकांनी पेढे वाटले. भरावावरून भिंतीपलीकडे, रूळ ओलांडणाऱ्या रस्त्याच्या पुलाकडे, बायकांची रांग चाललेली दिसत होती. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात पिशव्या. त्यांत कांतामावशी होती, गुडघ्यावर हात ठेवून पाऊल टाकत. ती पलीकडच्या शाळेत खिचडी शिजवायची. मोरीतून पाच मिनिटांची वाट आता पाऊण तासाची झाली होती.

हातातला पेढा कुणाला तरी देऊन दर्शना फाटकातून बाहेर धावत गेली. “मावशी!”

कांतामावशी थांबली. “बोला मॅडम.”

“मावशी, असं नको ना बोलूस. मी दर्शूच.”

“ते मला तेव्हाच कळलेलं.”

“माझं चुकलं गं. तेव्हा लाज वाटली मला...”

“आमची?”

दर्शनाला ‘नाही’ म्हणता आलं नाही.

“ओळख नाही दाखवलीस, ते मी गिळलं,” कांतामावशी म्हणाली. “म्हटलं, मोठ्या हापिसात आहे, तिची काय अडचण असेल. घरी कुणाला बोलले पण नाही. पण मोरी? तापात फणफणलेली तुला पाठीवर टाकून मी तिथूनच दवाखान्यात नेलेली. ती पण नाही ओळखलीस?” तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “चल, शाळेला उशीर होतोय.”

ती पुलाच्या दिशेने चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उत्तरा मॅडमच्या केबिनमध्ये गेली. अद्वयही तिथेच होता. ती उभ्यानेच बोलली. मोरी वापरात होती, मला माहीत होतं, मी त्याच वस्तीतली.

मॅडमनी सायडिंगची फाइल काढून नकाशा उघडला. मग म्हणाल्या, “तू तिथली आहेस याचं मला काय असणार होतं? पण मी थेट प्रश्न विचारला होता, दर्शना. तुझ्या शब्दावर मी सही केली.”

“हो मॅडम.”

अद्वय बाहेर येऊन म्हणाला, “मी काही लागेल असं बोललेलो का तेव्हा?”

“नाही रे. तू फक्त विचारलंस.” हे सांगणं तिला सगळ्यात जड गेलं. कुणावर तरी ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं.

मॅडमनी चूक लेखी कळवली. पाइप काढून पुन्हा मोरी करणं आता शक्य नव्हतं. पादचारी पुलाचा प्रस्ताव करता येईल, पण त्याला वस्तीचा अर्ज लागणार होता. मंजुरी आणि काम मिळून दीड वर्ष तरी जाणार होतं.

अर्ज लिहून दर्शना रविवारी वस्तीतल्या विहारात गेली. या वेळी आईला सांगून. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “कांताला पण ओळख नाही दाखवलीस?”

वंदना झाल्यावर दर्शनाने चाळीस-पन्नास माणसांसमोर सांगितलं की मोरी तिच्यामुळे बुजली. का, तेही सांगितलं. राकेश नावाचा रिक्षावाला ताडकन उठला. “बाहेरच्याने केलं असतं तर समजलो असतो. तू इथलंच पाणी पिऊन गेलेलीस ना? माझी पोरगी आता रोज भिंत चढून, रूळ ओलांडून जाते.” ती मान खाली घालून ऐकत राहिली. कुणी तिला बस म्हटलं नाही.

शेवटी कांतामावशी उठली. “बोलून झालं असेल तर सह्या करा. पूल आपल्याला पायजे.” तिने पहिली सही केली, अक्षर जुळवत, सावकाश. दर्शनाकडे तिने पाहिलं नाही.

सव्वाशे सह्या झाल्या. मार्चमध्ये प्रस्ताव वर गेला. त्याच महिन्यात पहिली भरलेली मालगाडी सायडिंगवर आली.

तेव्हापासून दर शनिवारी दर्शना अर्जाचं काय झालं ते सांगायला वस्तीत येते. कांतामावशी शाळेला निघाली की तिच्या हातातली पिशवी घेते आणि रस्त्याच्या पुलावरून तिला पलीकडे सोडते. पहिल्यांदा तिने रिक्षा थांबवलेली. “तू जा बसून,” मावशी म्हणाली, आणि चालायला लागली. आता दोघी चालतच जातात. पाऊण तासात मावशी चार वाक्यं बोलते, तीही खिचडीबद्दल. ‘मॅडम’ म्हणायचं तिने सोडलंय. दर्शू मात्र अजून म्हणत नाही.