निकेलची जाळी आणि सोनीबाईची कढई

प्राची येणार म्हणून दीनानाथ सरांनी दिग्रसच्या कॉलेजातली प्रयोगशाळा दोनदा झाडून घेतली, आणि समाधान होईना म्हणून तिसऱ्यांदा स्वतःच झाडली. प्राची त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होती. पाण्यापासून हायड्रोजन काढायला फार महागडे, दुर्मीळ धातू लागतात. सरांनी निकेलच्या साध्या जाळीवर एक लेप चढवून तेच काम करून दाखवलं होतं, निदान वहीत तरी. आज ते प्राचीच्या डोळ्यांदेखत झालं, तर जाळी पुण्याच्या प्रकल्पात जाणार होती. नाही झालं, तर एकतीस वर्षांच्या नोकरीतलं त्यांचं एकुलतं एक संशोधन कपाटात जाणार होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते.

अकरा वाजता सरांनी बॅटरी जोडली. समोरच्या, कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये ऐन नोव्हेंबरात शुकशुकाट होता. त्या वर्षी कापसाच्या गाड्याच बाजारात येत नव्हत्या. त्या शांततेत पालथ्या नळीत चढणारे बुडबुडे ऐकू येतील असं वाटत होतं. दहा मिनिटांत अठरा मिलिलिटर हायड्रोजन, असं सरांनी पत्रात कळवलं होतं.

दहा मिनिटांनी नळीत चार होता.

"जोड ढिला असेल," प्राची म्हणाली.

जोड ढिला नव्हता. दुसऱ्या खेपेलाही चारच. आपलं कुठंतरी चुकलं असणार, ही शंका त्यांना पहिल्या दिवसापासून होतीच.

दाराशी उभा असलेला शिपाई हिरासिंग मघापासून खाकरत होता. "सर, मी बोलू काय?"

"नको."

"मग नाई बोलत." तो दाराबाहेर गेला आणि लगेच परत आला. "पण बोलाले पाह्यजे, सर."

"काय झालं काका?" प्राचीनं विचारलं.

"मले इचारू नको माय. सरायनं शपथ घातली हाय."

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "प्राची, वहीत मी बीकर लिहिलंय ना, ते खोटं आहे."

खरी हकिगत अशी होती. लेप चढवायचा तर जाळी निकेलच्या क्षाराच्या पाण्यात चार तास तापवावी लागते. पहिल्या वेळी मोठं बीकर फुटलं, नवं येईना, म्हणून हिरासिंगनं तांड्यावरून बायकोची, सोनीची, लोखंडी कढई आणली. जाळी उत्तम झाली. पण पुण्याला पाठवायच्या वहीत कढई कशी लिहायची? सरांना लाज वाटली. आणि आज प्राची येणार म्हणून त्यांनी कालच नव्या कोऱ्या बीकरमध्ये नवी जाळी केली होती.

"इतकंच?" प्राची म्हणाली. मग एकदम उभी राहिली. "लेपाचा रंग कसा होता सर?"

"जरा तांबूस. मला वाटलं, मळ आहे. घासूनही पाहिला, निघाला नाही."

"नशीब निघाला नाही! सर, ते पाणी आंबट असतं. चार तासांत त्यानं कढईचं लोखंड खाल्लं आणि निकेलमध्ये मिसळलं. कालच्या काचेत लोखंड कुठून येणार? तुम्ही दोन धातूंचा लेप केलाय!"

"मी कुठं? कढईनं केला," सर पुटपुटले.

"कढई कुठाय आता?"

"इथंच हाय," हिरासिंग कपाटाकडे धावला. "सरायनं घरी नेऊच नाई देली. इखारी झाली म्हने. सोनीले नवी घेऊन देली, तरी थे अजून बोलून राह्यली का जुनीतले भजे कुरकुरीत होत होते."

कढई स्टोव्हवर चढली. तापमान पाहत सर बाजूला बसून राहिले. चारला जाळी बाहेर आली, तांबूस. प्राचीनं ती धुऊन जोडली आणि घड्याळ लावलं. सर खिडकीबाहेर पाहू लागले.

"सतरा," प्राची म्हणाली. "इकडे बघा ना सर. सतरा!"

"अठरा नाही," सर कळवळून म्हणाले.

"सर!"

दुसऱ्या दिवशी तिनं कढईला हात लावला नाही. काचेच्या बीकरमध्येच निकेलच्या क्षारासोबत लोखंडाचा क्षार चिमूटभर, तोलून टाकला. त्या जाळीनं एकोणीस दिला. म्हणजे आता पुण्यालाच काय, कुठंही कोणालाही ही जाळी करता येणार होती. प्राचीनं प्रकल्पाच्या कागदावर सरांचं नाव घातलं आणि वाचायला पुढे केलं.

सरांनी तो दोनदा वाचला. "यात हिरासिंग नाही."

"घालते की."

"आन् सोनी?" हिरासिंगनं विचारलं. "थे रुसन ना बाप्पा!"

यावर दीनानाथ सर इतक्या मोठ्यानं हसले, की शेजारच्या वर्गातले मास्तर शिकवणं थांबवून दारात आले. या खोलीतून असा आवाज त्यांनी आजवर ऐकला नव्हता. "काय झालं?" त्यांनी विचारलं. आणि एरवी मान खाली घालून निघून जाणाऱ्या सरांनी त्यांना खुर्ची दिली, बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली, कढईसकट.